‘अपडेट नाऊ’वर बोट जाण्याआधी
वाचकांचे प्रश्न : रेकॉर्डिंग स्टुडिओ आणि संगणक

विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. त्याच्या महिनाभर आधी ॲपलची मॅकसाठीची नवी सिस्टीम ‘टाहो’ आली होती. तेव्हापासून कोल्हापूर आणि आसपासच्या स्टुडिओवाल्यांची पत्रं वाढली आहेत. जोतिबा-अंबाबाईची गाणी करणारे, पोवाडे-जिंगल करणारे, मालिकांचं डबिंग करणारे, सगळ्यांचा प्रश्न फिरून एकच: मशीन अपडेट मागतंय, देऊ का? पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत.

प्रश्न (राजारामपुरी) : आमच्याकडे सातव्या पिढीचा आय-७ (७७००), १६ जीबी रॅम, विंडोज १० आणि क्यूबेस हे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर आहे. कामात एक दिवस खोळंबा नाही. आता ‘सपोर्ट संपला’ असं येतं, आणि मशीन विंडोज ११ घेत नाही. व्हिडिओत दाखवतात तसा बायपास करून चढवू का?

उत्तर : बायपास, म्हणजे विंडोजच्या अटी चुकवणं, नको. विंडोज ११ला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या मशीनमधल्या सुरक्षेच्या सोयी लागतात. इंटेलमध्ये आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत आहेत. सातव्या पिढीतले काही मोजके घेतले आहेत, पण ७७०० त्यांत नाही. बायपासनं ते चढतं आणि चालतंही. खरी कटकट नंतर सुरू होते. दरवर्षीची मोठी आवृत्ती अशा मशीनवर आपोआप येत नाही, दर खेपेला तोच खटाटोप करावा लागतो. साउंड कार्डाच्या ड्रायव्हरची तक्रार घेऊन गेलात तर ‘मशीन यादीत नाही’ इथंच बोलणं थांबतं.

सपोर्ट संपला म्हणजे मशीन बंद पडलं असं नाही, फक्त सुरक्षेचे पॅच यायचे थांबले. तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. पहिली, एक वर्षाची मुदतवाढ. विंडोज १०ची २२एच२ आवृत्ती असेल तर सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नाव नोंदवायची सोय आहे. मायक्रोसॉफ्ट खात्याशी सेटिंग्ज सिंक ठेवल्या तर पैसे पडत नाहीत. ही मुदत १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत आहे.

दुसरी वाट आम्हाला जास्त पसंत आहे: मशीनचं इंटरनेट कायमचं काढून टाकायचं. पण वायर उपटण्याआधी करायची कामं क्रमानं करा. क्यूबेस, प्लगइन (त्याला जोडायची इफेक्ट-वाद्यांची छोटी सॉफ्टवेअर) आणि कार्डाचा ड्रायव्हर यांची विंडोज १०वर चालणारी शेवटची आवृत्ती घाला. त्या सगळ्यांचे इन्स्टॉलर एका फोल्डरमध्ये साठवा, कारण जुने इन्स्टॉलर कंपन्यांच्या साइटवर कायम राहतील याचा भरवसा नाही. आयलॉकचे (प्लगइनची लायसन्स सांभाळणाऱ्या सेवेचे) लायसन्स क्लाउडवर असतील तर यूएसबी डोंगलवर (पेनड्राइव्हसारख्या किल्लीवर) हलवा. क्लाउडला नेट सतत लागतं, डोंगलला लागत नाही. महिन्याच्या वर्गणीवर चालणारी सॉफ्टवेअर अधूनमधून नेटवर हजेरी मागतात, ती या मशीनवर ठेवूच नका. मग पूर्ण सिस्टीमची इमेज बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि त्यानंतरच नेट बंद करा.

फाइली ने-आण करायला एकच पेनड्राइव्ह ठेवा आणि तो ऑफिसच्या मशीनवर स्कॅन करूनच स्टुडिओत न्या. तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, फॅट३२वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. गिऱ्हाईक स्वतःचा पेनड्राइव्ह थेट लावायला निघालं की हात धरा. बिननेटाच्या मशीनला सगळ्यात मोठा धोका तोच.

प्रश्न (गंगावेश) : पोवाड्याचं रेकॉर्डिंग ऐन रंगात असताना विंडोज ११ रिस्टार्ट झालं. हलगीवाले, कोरस, सगळे ताटकळले. वर आल्यावर कार्डातून चटचट आवाज येतो, आणि ट्रॅक वाजवला की गाणं उतरल्यासारखं वाटतं. हे कायमचं कसं थांबवायचं?

उत्तर : ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत, एकेक घेऊ.

आधी पट्टी. अपडेटनंतर विंडोज कधी कधी डिफॉल्ट साउंड डिव्हाइस बदलतं किंवा कार्डाचा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा) परत ४४.१ किलोहर्ट्झवर नेतं. तुमचं प्रोजेक्ट ४८चं असेल आणि कार्ड ४४.१वर चालत असेल, तर सगळं सुमारे दीड सेमीटोन खाली आणि धिमं वाजतं. काळी दोनमधलं गाणं सफेद दोन आणि काळी एकच्या मध्ये कुठंतरी लोंबकळतं. हार्मोनियमवाल्याच्या हे पहिल्यांदा लक्षात येतं, इंजिनिअरच्या नंतर. काही सॉफ्टवेअर इशारा देतात, काही गप्प बसतात. कार्डाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये आणि प्रोजेक्ट सेटअपमध्ये आकडा एकच आहे ना, ते पाहा. विंडोजचे स्वतःचे टुंग-टांग आवाज मदरबोर्डच्या साउंडवर सोडा, म्हणजे विंडोज स्टुडिओच्या कार्डाला हातच लावणार नाही.

आता चटचट. ४८ किलोहर्ट्झला १२८ नमुन्यांचा बफर (आवाजाचा एका वेळी हाताळायचा तुकडा) म्हणजे २.७ मिलिसेकंद. तेवढ्यात प्रोसेसरला पुढचा तुकडा तयार करून द्यावाच लागतो. मधेच एखाद्या ड्रायव्हरनं त्याला ३ मिलिसेकंद अडवून धरलं की आवाजात खाच पडते. म्हणूनच प्रोसेसरचा मीटर २० टक्क्यांवर असतानाही चटचट येऊ शकते. अपडेटनंतर हे सुरू झालं तर या क्रमानं तपासा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डावर कंपनीचाच ड्रायव्हर आहे की विंडोजनं स्वतःचा सर्वसाधारण ड्रायव्हर बसवला आहे? पिवळा त्रिकोण असेल तर विंडोज सिक्युरिटीमधल्या ‘कोअर आयसोलेशन’मध्ये ‘मेमरी इंटिग्रिटी’ चालू आहे का ते बघा, जुने ड्रायव्हर ती चढूच देत नाही. यावरचा उपाय नवा ड्रायव्हर हाच. ती सोय बंद करणं हा शेवटचा पर्याय, आणि तोही नेट नसलेल्याच मशीनवर. पॉवर प्लॅन ‘हाय परफॉर्मन्स’वर न्या आणि त्याच्या प्रगत सेटिंग्जमधलं ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करा. एवढं करूनही आवाज गेला नाही तर ‘लेटन्सीमॉन’ हे कोण किती वेळ अडवतं ते मोजणारं सॉफ्टवेअर १० मिनिटं चालवा आणि ड्रायव्हर्सच्या टॅबमध्ये सगळ्यात जास्त वेळ खाणारं नाव शोधा. ‘एनडीआयएस’ दिसलं तर दोष नेटवर्कचा, बहुधा वायफायचा. वायफाय बंद करून परत मोजा. ‘डीएक्सजी’नं सुरू होणारं किंवा ग्राफिक्स कार्डाचं नाव दिसलं तर त्याचा ड्रायव्हर बदला. बफर १०२४ करून आवाज गेला म्हणून तिथंच थांबू नका. ते दुखणं झाकणं झालं. गायकाच्या हेडफोनमध्ये २१ मिलिसेकंदांचा उशीर नुसत्या बफरमुळे येईल, आणि तो ताल सोडेल.

हे सगळं करूनही जमलं नाही तर मागे फिरा. सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी या वाटेनं ‘गो बॅक’ सापडतं, पण मोठ्या आवृत्तीनंतर ते फक्त १० दिवस टिकतं. अपडेट छोटं असेल तर अपडेट हिस्टरीत जाऊन तेवढंच काढता येतं.

राहिलं रिस्टार्ट. ‘ॲक्टिव्ह अवर्स’ जास्तीत जास्त १८ तासांचे ठेवता येतात. सकाळी ८ ते रात्री २ असे ठेवा, रात्रीच्या बैठकाही त्यात बसतील. सेशनच्या आठवड्यात अपडेट ‘पॉज’ करा, पाच आठवड्यांपर्यंत करता येतं. होम आवृत्तीत तुमच्या हातात साधारण एवढंच आहे. पैसे घेऊन काम करणाऱ्या स्टुडिओनं प्रो आवृत्ती घ्यावी, असं आमचं मत आहे. त्यात ग्रुप पॉलिसी एडिटर मिळतो. तिथं कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कंपोनंट्स, विंडोज अपडेट असं आत गेलात की दोन गोष्टी करायच्या. ‘टार्गेट फीचर अपडेट व्हर्जन’मध्ये सध्याची आवृत्ती लिहून टाका, म्हणजे त्या आवृत्तीचा सपोर्ट असेपर्यंत मशीन पुढं सरकणार नाही. आणि ‘विंडोज अपडेटबरोबर ड्रायव्हर देऊ नका’ या अर्थाची जी पॉलिसी आहे ती चालू करा. तुमच्यासारख्या पत्रांतली निम्मी दुखणी या दुसऱ्या पॉलिसीनंच टळतील.

प्रश्न (इचलकरंजी) : एम१ मॅक मिनी, सध्या सेकोया (टाहोच्या आधीचं मॅकओएस). फायरवायरचं आठ इनपुटचं जुनं कार्ड थंडरबोल्टच्या दोन ॲडॉप्टरांमधून जोडलंय, प्रीॲम्प (माइकचा आवाज वाढवणारे) अप्रतिम आहेत. टाहो घ्यायला हरकत नाही ना?

उत्तर : आहे, आणि मोठी आहे. टाहोमध्ये, म्हणजे मॅकओएस २६मध्ये, ॲपलनं फायरवायर ही जुनी जोडणीच काढून टाकली आहे. ॲडॉप्टर चांगला असो, कंपनीचा ड्रायव्हर असो, कार्ड दिसणारच नाही. तुम्ही सेकोयावरच राहा.

सिस्टीम सेटिंग्जमधल्या सॉफ्टवेअर अपडेटच्या पानावर ‘ऑटोमॅटिक अपडेट्स’शेजारच्या ‘आय’वर टिचकी मारा. मॅकओएस अपडेट आपोआप बसवणं बंद करा, सिक्युरिटी रिस्पॉन्स आणि सिस्टीम फाइल्सचं चालू ठेवा. त्या पानावर टाहोचं मोठं बटण पुढं दिसतं आणि सेकोयाचे सुरक्षा पॅच खाली बारीक अक्षरात असतात. घाईत चुकीचं बटण दाबलं जातं ते इथंच. ॲपलचा आजवरचा शिरस्ता पाहता मागच्या दोन आवृत्त्यांना पॅच मिळत राहतात, म्हणजे तुमच्या हाती थोडा काळ आहे.

या काळात एक काम मात्र उरकून घ्या. तुमच्या कार्डाला ऑप्टिकल एडॅट आउट (प्रकाशाच्या केबलवरून अनेक चॅनेल पाठवणारं तोंड) असेल आणि ते संगणकाशिवाय, म्हणजे स्टँडअलोन, चालत असेल तर ते टाकून द्यायची गरज नाही. एडॅट इन असलेलं साधं यूएसबी कार्ड घ्या आणि जुनं कार्ड त्याला आठ चॅनेलचा प्रीॲम्प म्हणून जोडा. ४८ किलोहर्ट्झला एका ऑप्टिकल केबलवर आठ चॅनेल येतात, ९६ला चारच. केबल पाच मीटरच्या आत ठेवा. क्लॉक, म्हणजे नमुने घ्यायचा ताल, एकाचंच हवं: नवं कार्ड मास्टर, जुनं त्याच्या मागे. त्यासाठी नव्याच्या एडॅट आउटमधून जुन्याच्या एडॅट इनमध्ये दुसरी केबल लागते, किंवा क्लॉक पोचवणारी वर्डक्लॉकची बीएनसी केबल. क्लॉक जुळलं नाही की दर थोड्या सेकंदांनी एक बारीक टिक ऐकू येते. तंबोरा किंवा नुसती बासरी वाजत असेल तर ती टिक डोकं उठवते.

मेख अशी की जुन्या कार्डाला ‘क्लॉक बाहेरून घे’ आणि ‘माइक इनपुट एडॅटवर पाठव’ हे सांगायचं काम त्याच्या कंट्रोल सॉफ्टवेअरमधूनच होतं, आणि ते सॉफ्टवेअर फायरवायरनं जोडलेल्या मॅकवरच चालतं. म्हणून ही सेटिंग आजच करून कार्डाच्या मेमरीत साठवा. मग कार्ड बंद करून, मॅकची वायर काढून, पुन्हा चालू करा आणि सेटिंग टिकली का ते पाहा. टाहो घेतल्यावर आठवण झाली तर त्या सेटिंगसाठी जुना मॅक शोधत फिरावं लागेल.

प्रश्न (कागल) : क्यूबेसची जुनी आवृत्ती आहे, हिरव्या-निळ्या डोंगलवाली. मशीन बदलू का?

उत्तर : क्यूबेसच्या स्टाइनबर्ग कंपनीनं ई-लायसन्सरची, म्हणजे या डोंगलच्या लायसन्सची, सेवा मे २०२५मध्ये बंद केली. क्यूबेस ११ आणि त्याआधीच्या आवृत्त्या त्यावर चालतात, १२पासून पद्धत बदलली. लायसन्स खुद्द डोंगलमध्ये असेल तर डोंगल चालेल तोवर काम चालेल. पण ते हरवलं, पायाखाली आलं, तर परत मिळायची सोय नाही. यूएसबीच्या पुढच्या पोर्टला लावलं असेल तर आधी मागे लावा, येता-जाता गुडघा लागतो. लायसन्स संगणकावरच साठवलेलं, म्हणजे ‘सॉफ्ट’ असेल तर मात्र विंडोज नव्यानं टाकू नका आणि मशीनही बदलू नका. ते नव्या जागी जाणार नाही.

प्रश्न (शाहूपुरी) : अपडेट करायचंच झालं तर नेमकं केव्हा आणि कसं? दरवेळी देवाचं नाव घेऊन बटण दाबतो.

उत्तर : आधी ‘केव्हा’. नवा मॅकओएस सप्टेंबरच्या सुमारास येतो, विंडोजची वार्षिक आवृत्तीही त्याच हंगामात. म्हणजे ऐन गणपती-नवरात्रात, जेव्हा आपल्याकडे स्टुडिओत पाय ठेवायला जागा नसते. तेव्हा बघायचंसुद्धा नाही. डिसेंबर-जानेवारीपर्यंत मॅकओएसचं दुसरं-तिसरं दुरुस्तीपर्व येऊन गेलेलं असतं, प्लगइनवाल्यांनीही आपापली यादी जाहीर केलेली असते. पौषात लग्नसराई थांबते, ऑर्केस्ट्रावाले मोकळे असतात. दोन दिवस मशीन उघडून बसायला तो महिना बरा.

आता ‘कसं’. एका वहीत मशीनवर जे जे आहे त्याची आवृत्ती लिहा: सिस्टीम, रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर, कार्डाचा ड्रायव्हर आणि फर्मवेअर, आयलॉक लायसन्स मॅनेजर, प्रत्येक प्लगइन, फेडर कंट्रोलर, मिडी कीबोर्ड. प्रत्येकाच्या कंपनीच्या साइटवर नव्या सिस्टीमचं नाव स्पष्ट लिहिलंय का ते बघा. ‘चालायला हवं’ म्हणजे नाही असं धरा. मोठ्या कंपनीचं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर लवकर तयार होतं. रखडतात ते छोटे प्लगइन आणि बंद झालेल्या मॉडेलांचे ड्रायव्हर. वहीतलं सगळ्यात शेवटचं नाव तयार झालं की तुमची तारीख ठरली.

मॅकवर खरं मशीन न बिघडवता चाचणी घेता येते. निदान ५० जीबी जागा मोकळी हवी. डिस्क युटिलिटीत नवा एपीएफएस व्हॉल्यूम (डिस्कचा वेगळा कप्पा) घाला आणि नवी सिस्टीम त्यावर टाका. जुनी जागेवरच राहते, सुरू करताना कुठली हवी ते निवडायचं. लायसन्स डोंगलवर असतील तर काम सोपं. मशीनवर असतील तर नव्या व्हॉल्यूमला दुसरं मशीन समजलं जाऊ शकतं, म्हणून किती ॲक्टिव्हेशन शिल्लक आहेत ते आधी पाहा. आणि तिथं सेशन उघडताना नेहमी कॉपी उघडा. नव्या आवृत्तीत सेव्ह झालेलं सेशन जुनीत उघडेलच असं नाही, लॉजिक आणि एबलटन या सॉफ्टवेअरची तर उघडतच नाहीत.

चाचणी म्हणजे एक गाणं वाजवून बघणं नव्हे. सोळा ट्रॅक एकदम, ४८ किलोहर्ट्झ २४ बिटला अर्धा तास रेकॉर्ड करा. एवढ्यात सुमारे ४.१ जीबी डेटा होतो. मधे खाच पडली का पाहा. दुसरी चाचणी लूपबॅकची, ही फारसं कुणी करत नाही आणि करायला हवी. कार्डाच्या तिसऱ्या आउटपुटमधून तिसऱ्या इनपुटमध्ये केबल घाला, क्लिक वाजवा, ती नव्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा आणि दोन्हींमधला फरक सॅम्पलमध्ये मोजा. अपडेटआधी आणि नंतर आकडा तोच यायला हवा. ड्रायव्हर आपला उशीर चुकीचा सांगायला लागला तर डब केलेला प्रत्येक ट्रॅक थोडा मागे किंवा पुढे बसतो. ढोलकीवर ढोलकी चढवली की ते लगेच कळतं, आणि दोष मात्र वादकाच्या माथी जातो.

एम-चिपच्या मॅकवर इंटेल काळातले प्लगइन ‘रोझेटा’ या ॲपलच्या भाषांतरकारातून चालतात. ॲपलनं रोझेटा पूर्णपणे मॅकओएस २७पर्यंतच ठेवायचं जाहीर केलं आहे. तुमच्याकडे असे किती प्लगइन आहेत ते आताच काढा: सॉफ्टवेअरच्या ‘गेट इन्फो’मधली रोझेटाची खूण काढून ते उघडा, जे प्लगइन गायब होतील ते इंटेलचे. लॉजिकमध्ये ही युक्ती लागू पडत नाही, इंटेलचे प्लगइन ते स्वतःच रोझेटातून चालवतं.

आणि शाहूपुरीतच आहात म्हणून: इमेज घेतलेली डिस्क मशीनशेजारी तळमजल्यावर ठेवू नका. २०१९ आणि २०२१चं पाणी आठवा. एक डिस्क वरच्या मजल्यावर, एक नातेवाइकाकडे उंचावर.

प्रश्न (उचगाव) : स्नॅपड्रॅगनचा नवा विंडोज लॅपटॉप लाइव्ह रेकॉर्डिंगसाठी घेतोय. बॅटरी दिवसभर टिकते म्हणतात.

उत्तर : आधी कार्डाच्या कंपनीकडे ‘आर्म’साठीचा (स्नॅपड्रॅगन त्याच जातीची चिप आहे) ड्रायव्हर आहे का ते विचारा. साधी सॉफ्टवेअर तिथं अनुकरणानं (इंटेलची नक्कल करून) चालतात, ड्रायव्हर चालत नाही. कंपनीनं आर्मसाठी वेगळा केला नसेल तर कार्डाचा पूर्ण उपयोग होणार नाही. आज तरी इंटेल किंवा एएमडी घ्या.

प्रश्न (गडहिंग्लज) : क्रॅक केलेले प्लगइन अपडेटनंतर बंद पडतात. उपाय?

उत्तर : विकत घ्या. ते परवडत नसेल तर सॉफ्टवेअरबरोबर येणारे इक्यू-कॉम्प्रेसर वापरा, पुरेसे चांगले असतात.

प्रश्न (मोरेवाडी, चित्रनगरीजवळ) : मुंबईहून डबिंगची सेशन येतात ती प्रो टूल्स सॉफ्टवेअरच्या आमच्यापेक्षा नव्या आवृत्तीत केलेली. केवळ त्यासाठी सिस्टीम आणि सॉफ्टवेअर दोन्ही बदलावं का?

उत्तर : केवळ त्यासाठी नको. प्रो टूल्सची सेशनची फाइल, पीटीएक्स, आवृत्ती १०पासून तीच आहे. नवीतली बहुतेक सेशन जुनीत उघडतात, फक्त नव्या सोयी आणि तुमच्याकडे नसलेले प्लगइन गळून पडतात. काम पाठवणाऱ्याकडून आधीच ठरवून घ्या: प्रत्येक ट्रॅक सेशनच्या सुरुवातीपासून सलग केलेली वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, इफेक्ट असलेली आणि नसलेली अशी दोन्ही. सोबत एएएफ (दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सेशन नेणारी फाइल), आणि चित्रावरच टाइमकोड (वेळेचा आकडा) उमटवलेला व्हिडिओ. एका मोनो ट्रॅकला मिनिटाला ८.६४ एमबी लागतात, म्हणजे पाच मिनिटांच्या २४ ट्रॅकना जेमतेम १ जीबी. तेवढं नेटवरून सहज येतं.

फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) लेखी मागा. २४च्या चित्राला २५चं सेशन लावलं की दर मिनिटाला अडीच सेकंदांची चूक साठते, आणि अगदी सुरुवातीला ती कळतही नाही. म्हणून चित्राच्या पहिल्या फ्रेमआधी बरोबर दोन सेकंदांवर एका फ्रेमची १ किलोहर्ट्झची बीप, आणि तशीच शेवटच्या फ्रेमनंतर दोन सेकंदांवर, अशा दोन बीप मागवा. दोन्ही जागेवर बसल्या तरच माइक उघडा.